केरळला जाताना सासू-सासऱ्यांना न्यावं का?

मांजराकाठची
९ सप्टेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आम्ही लातूरचे. घरात सहा माणसं. मी, नवरा, दोन लेकरं (एक आठवीत, एक तिसरीत), सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना सगळं घर दादा म्हणतं, सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. दादा ७४ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते, छत्तीस वर्षं लोकांना तिकिटं दिली. स्वतः मात्र तुळजापूर, पंढरपूर, पुणे यापलीकडं फारसे गेले नाहीत. आत्याबाई ६९ च्या. गुडघे दुखतात, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे.

दिवाळीनंतर सहा दिवस केरळचं घाटतंय. हैदराबादपर्यंत गाडी, तिथून विमानानं कोची, मग मुन्नार आणि अलेप्पी. नवरा म्हणतो, "आई-दादांना सोडून कसं जायचं?" मी गप्प बसले. का गप्प बसले ते सांगते.

दोन वर्षांखाली सगळे मिळून गाडीनं गोव्याला गेलो होतो. दादांना दर तासा-दीड तासानं उतरावं लागतं. वयच आहे, त्याचं काही नाही. पण ते तोंडानं म्हणायचे नाहीत. नुसते मांडीवर तळहात चोळत बसायचे. मला आता ती खूण कळते. मग मीच म्हणायचे, "चहा घ्यायचा का?" गाडी थांबायची, दादा जाऊन यायचे. पण थांबलो म्हणजे चहा घेणं आलं, आणि चहा घेतला की पुढच्या तासाला पुन्हा तेच.

हॉटेल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आत्याबाई एकदा वर चढल्या त्या तिसऱ्या दिवशी निघतानाच खाली आल्या. तिथल्या जेवणाला वास येतो म्हणून घरचे धपाटे आणि शेंगाची चटणी पुरवून पुरवून खाल्ली. नवरा लेकरांना घेऊन पाण्यावर, मी खोलीत. इन्सुलिनची वेळ, मग जेवण, मग किटलीत दूध, चार वाजता चहा. गोव्याला जाऊन मी चहा केला. समुद्रात पाय बुडवले ते निघायच्या सकाळी, बॅगा गाडीत भरून झाल्यावर, दहा मिनिटं.

घरी आल्यावर आत्याबाई शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "लई फिरवलं बाई लेकानं." लेकानं!

त्या वाईट नाहीत. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच काढली. म्हणूनच विचारतेय. न्यावं का? नेलं तर कसं? आणि ठेवून गेलो तर मागं काय? आमच्या भागात नळ आठ दिवसांनी येतो, तोही रात्री दोनला. ते पाणी कोण भरणार?


नांदेडकर_७
९ सप्टेंबर, रात्री ११:०५

न्या. जास्त विचार करू नका. मायबाप पुन्हा मिळत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा कळलं मला.


काळी_माती
९ सप्टेंबर, रात्री ११:१९

@नांदेडकर_७, भाऊ, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. एक विचारू? त्यांना फिरायला न्यायचात तेव्हा गोळ्या, टॉवेल, अंघोळीचं गरम पाणी हे कोण बघायचं?


नांदेडकर_७
९ सप्टेंबर, रात्री ११:२४

बायको.

बरं, मान्य.


परभणीचा_मास्तर
१० सप्टेंबर, सकाळी ६:१०

मी ७१ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. म्हणजे या धाग्यातला मुद्देमालच म्हणा. म्हणून लिहितो.

तीन वर्षांखाली पोरानं आम्हा दोघांना शिमला-मनालीला नेलं. पोरगा चांगला, सून त्याहून चांगली. पण त्या आठ दिवसांत "माझ्यामुळं थांबू नका, तुम्ही व्हा पुढं" हे मी इतक्यांदा म्हणलो की शेवटी नातू माझी नक्कल करू लागला. कुठंही गेलो की मी आधी बसायला जागा हुडकायचो. बसलो की सगळ्यांच्या पिशव्या माझ्यापाशी. मनालीत हिडिंबेच्या देवळाबाहेर ऊन पडलं, तसे सगळ्यांनी स्वेटर काढून माझ्या हातात दिले. सात स्वेटर मांडीवर घेऊन मी तासभर कट्ट्यावर बसलो. एका बाईनं येऊन भाव विचारला. मी मास्तर माणूस, पण त्या वेळी काय उत्तर द्यावं सुचलं नाही.

आता आम्ही सात-आठ रिटायर मास्तर मिळून जातो. सगळ्यांचे गुडघे सारखेच, सगळ्यांनाच तासाला उतरायचं, त्यामुळं कुणी कुणाची माफी मागत नाही. मागच्या साली नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरला गेलो. दीड दिवसाची गाडी. वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो, आपलं ताट-वाटी पुढं करायची. गरम पोळी, भाजी, दाळ. मनालीतल्या हॉटेलापेक्षा त्या डब्यात मी जास्त जेवलो.

दुसरी गोष्ट. ताई, तुमचे मालक "आई-दादा" असं एका दमात म्हणतात. ती दोन माणसं आहेत. आमच्याकडं हेच झालं. पोरानं मला विचारलं, मी हो म्हणलो, आणि हिचंही हो धरून टाकलं. चार महिन्यांनी ही मला म्हणती, "मला थंडी सोसत नाही हे चाळीस वर्षांत तुम्हाला कळलं नाही का?" आता याला काय उत्तर द्यावं? दोघांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नको. नवऱ्यासमोर बाई म्हणती "त्यांचं काय ते बघा", बायकोसमोर गडी म्हणतो "हिला झेपायचं नाही". दोघंही खोटं बोलू लालेत हे त्यांनाही माहीत असतं.


ज्वारीची_भाकर
१० सप्टेंबर, सकाळी ९:३०

सर, सात स्वेटर वाचून ऑफिसात मोठ्यानं हसले.

बाकी विषय सोडून विचारते, धपाटे तीन-चार दिवस टिकतात कसे? माझे दुसऱ्या दिवशीच आंबतात.


मांजराकाठची
१० सप्टेंबर, सकाळी ९:५२

कांदा घालायचा नाही, दह्यात भिजवायचं नाही, तेलावर नीट खरपूस भाजायचे. गार झाल्यावरच फडक्यात बांधायचे.

मास्तर सर, "आई-दादा" वाचून चमकले. मीही तसंच म्हणते की.


औसा_मोड
१० सप्टेंबर, दुपारी १:१५

धपाट्यांपेक्षा कडक भाकरी न्या, तीळ लावलेल्या. महिनाभर काही होत नाही त्यांना.

आता माझा अनुभव. माझे वडील किल्लारी भागातले. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. मी सहा वर्षांचा होतो. वडिलांनी पायाला धरून मला मातीतून ओढून काढलं. आजी निघाली नाही.

मागच्या साली त्यांना मुंबईला नेलं, समुद्र दाखवायला. मुद्दाम अकराव्या मजल्यावरची, खिडकीतून समुद्र दिसणारी खोली घेतली, जास्तीचे पैसे देऊन. रात्री तीनला जाग आली तर वडील पलंगावर नाहीत. जिवाचं पाणी झालं. खाली पळत गेलो, तर रिसेप्शनच्या सोफ्यावर बसलेले. चपला घातलेल्या, पिशवी मांडीवर, वॉचमनशी गप्पा चाललेल्या. मला म्हणाले, "तू झोप जा. मला हितं बरं हाय."

घरीसुद्धा ते अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपतात, स्लॅबखाली नाही. तीस वर्षांवर मी हे रोज बघतोय. पण खोली बुक करताना डोक्यात आलं नाही ते नाहीच. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सांगून तळमजल्यावरची खोली घेतली. खिडकी उघडली की समोर पार्किंग. त्या पार्किंगकडं बघत ते दोन रात्री ढाराढूर झोपले.


गोदाकाठ
१० सप्टेंबर, रात्री ९:४०

@औसा_मोड, वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

मी गंगाखेडचा. आई ७६ ची. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं तिला घेऊन फिरतोय. मांजराकाठची ताई, न्यायचं ठरलंच तर कामाच्या गोष्टी सांगतो.

विमानाचं तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, पैसे पडत नाहीत. आत्याबाई म्हणतील, "मी काय लंगडी हाय का?" माझी आई पण म्हणाली होती. हैदराबादच्या विमानतळात आतल्या आत चालणं इतकं आहे की परतीच्या वेळी तिनंच विचारलं, "ती खुर्ची कुठाय?" वर असं की खुर्चीवाल्यासोबत जाताना तपासणीची रांग बरीच वाचते.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत. सामानात टाकायच्या बॅगेत अजिबात नको. बर्फाला चिकटूनही ठेवायचं नाही, गोठलं की वाया जातं. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाण्याची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेलं इन्सुलिन, असं मी नेतो. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. आणि विमानाच्या नादात खायची वेळ टळू देऊ नका, शुगर उतरली की माणूस आधी चिडचिडं होतं आणि आपल्याला वाटतं म्हातारी उगं भांडू लालीय.

हॉटेलवाल्याला "लिफ्ट आहे का" असं विचारू नका. आहेच म्हणतो. लिफ्टपर्यंत पायऱ्या किती ते विचारा. आमच्या एका हॉटेलात लिफ्ट चकाचक होती, तिथवर पोचायला सहा पायऱ्या, कठडा नाही. बाथरूमचा फोटो मागवा. कमोड पाहिजे, धरायला काहीतरी पाहिजे, फरशी गुळगुळीत नको. निसर्गाचे फोटो सगळेच पाठवतात.

मुन्नारचं बघा जरा. कोचीहून १३० किलोमीटरच, पण घाट आहे, चार तास धरा. एक रात्र राहून परत यायचं केलंत तर दोन दिवस गाडीतच जातील. दोन रात्री तरी राहा, नाहीतर मुन्नार सोडा आणि पाण्याकाठीच राहा. बोटीत बसून बघायला पाय लागत नाहीत. फक्त बोटीत चढताना फळी हलते, तिथं हात द्यायला माणूस पाहिजे.

पुढं कधी रेल्वेनं गेलात तर हे ध्यानात ठेवा. साठीवरचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या वरच्या बायका यांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. आपण भक्तिभावानं सहा जणांचं एकच तिकीट काढतो आणि दादांना वरचा बर्थ येतो. मग रात्रभर डब्यात हात जोडत फिरायचं. त्या दोघांचं तिकीट वेगळं काढायचं. साठ दिवस आधी बुकिंग उघडतं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र गेली ती गेलीच. पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के होती. मार्च २०२० मध्ये बंद केली, अजून पत्ता नाही.


हिंगोलीचा_गप्प्या
१० सप्टेंबर, रात्री १०:२०

एसटीची सवलत आहे की. ६५ ते ७५ ला निम्मं तिकीट आणि ७५ च्या पुढं फुकट. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना, ऑगस्ट २०२२ पासून. राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, केरळला उपयोग नाही म्हणा. पण दादा ७४ चे ना? एक वर्षच राहिलं.


मांजराकाठची
१० सप्टेंबर, रात्री १०:३१

दादा महिने मोजताहेत. पंचाहत्तरी झाली की रोज लातूर-उदगीर करणार म्हणतात, नव्या कंडक्टरांचा हिशेब कुठं चुकतो ते बघायला.


हिंगोलीचा_गप्प्या
१० सप्टेंबर, रात्री १०:४४

😀

मग माझं ऐका. एकदम केरळ नको, आधी जवळ एक रात्र काढून बघा. वेरूळ चांगलं. कैलास लेणं जमिनीसपाट आहे, आत शिरलं की सगळं समोर. चढणं-बिढणं नाही. घृष्णेश्वर पण तिथंच. फक्त मंगळवारी लेणी बंद असतात. आम्ही जीप भरून मंगळवारी गेलो होतो. वडील गेटसमोर खाली बसले आणि म्हणाले, "बंद का असंना, आलो तर खरं."

आमचं औंढा नागनाथ मात्र गुडघेवाल्यांना नेण्याआधी विचार करा. पिंड खाली तळघरात आहे. वाट अरुंद, पायऱ्या उभ्या, वाकून उतरावं लागतं. आई भक्तीच्या भरात सरसर उतरली आणि वर येताना आम्ही दोघं मागून, एक पुजारी पुढून. देवानं नाही, पुजाऱ्यानं तारलं.


जालन्याची_लेक
११ सप्टेंबर, दुपारी ३:०८

सगळा धागा सासू-सासऱ्यांवर चाललाय म्हणून मुद्दाम लिहिते.

माझी आई ६७ ची, जालन्यात एकटी राहते. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. दर सुट्टीत सासरची मंडळी सोबत असतात आणि ते कुणाला विचारावंही लागत नाही. मी आईला तिरुपतीला न्यायचं काढलं तर घरात तीन दिवस कुणी बोलेना. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "ने की. आमचं काय, आम्ही हाओतच घरी." ज्यांना असं वाक्य कधी ऐकावं लागलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

शेवटी आम्ही मायलेकीच गेलो. नवऱ्याला म्हणलं, लेकरं तू बघ. तिथं पासष्टीच्या वरच्यांना वेगळं दर्शन असतं, ऑनलाइन आधी बुक करावं लागतं. दर्शन झकास झालं. रात्री खोलीत आई पलंगावर बसून पाय हलवत होती. एकदम म्हणाली, "तू सातवीत होतीस तवा तुझे बाबा मला पैठणला नेणार होते. राहूनच गेलं."

जालन्याहून पैठण. दोन तासांची वाट. आणि मी तिला तिरुपती दाखवायला हजारो रुपये घालून बसले होते.

पुढच्या रविवारी एसटीनं गेलो, बायकांना निम्मंच तिकीट. नाथांचं दर्शन घेतलं, घाटावर बसून गोदावरीकडं बघत शेंगा खाल्ल्या, संध्याकाळी घरी. त्यानंतर तिनं पुन्हा कुठं जायचं नाव काढलेलं नाही.


काळी_माती
११ सप्टेंबर, दुपारी ४:२६

@जालन्याची_लेक, "हाओतच घरी" 🙏

पैशाबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलते. आमच्याकडं दोन दीर. आई-अण्णांना फिरवायचं म्हणलं की तिघं भाऊ "पाहिजेच, पाहिजेच" म्हणतात आणि बिल ज्याच्या गाडीत ते बसले त्याचं. मागच्या वेळी मी व्हॉट्सॲपवर हिशेब टाकला. दीड महिना बोलाचाली बंद होती, पण पैसे आले. आणि नेलेल्या प्रत्येक वेळी दोन दिवस तरी सकाळची सगळी जबाबदारी त्यांच्या लेकानं घ्यायची. म्हणजे गोळ्या, नाश्ता, बाथरूमच्या दाराशी उभं राहणं सगळं. सुनेनं त्या दिवशी आठपर्यंत झोपायचं. हे आधी ठरवा आणि लेकरांसमोर ठरवा. लेकरं बरोबर आठवण करून देतात.


सह्याद्री_नको
११ सप्टेंबर, संध्याकाळी ७:५०

राज्य सरकारची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आहे ना, २०२४ पासून. साठीच्या पुढच्यांना, माणशी ३०,००० पर्यंत खर्च. सरकारनंच नेलं तर सुनेला त्रास नाही.


परभणीचा_मास्तर
११ सप्टेंबर, रात्री ८:१५

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे, यादीतलंच तीर्थ पाहिजे. गरजूंना चांगली आहे. पण ताईचा प्रश्न आई-बापांना कुणाच्या गळ्यात घालावं असा नाही.


बालाघाटचा
१२ सप्टेंबर, रात्री १२:३७

धागा वाचतोय. मी बीड जिल्ह्यातला. दिवाळी झाली की आमच्या गावातल्या निम्म्या घरांना कुलूप. ऊसतोडीला. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मीही तसाच आजीपाशी वाढलो.

आईनं आयुष्यात केलेला प्रवास म्हणजे कारखान्याच्या ट्रॅक्टरमधून कोल्हापूरपर्यंत. जाताना भांडीकुंडी, शेळी आणि कोयता, येताना तेच. वीस वर्षं. आता मी नोकरीला लागलो. मोठ्या हौसेनं विचारलं, "माय, कुठं जायचं सांग. म्हणशील तिथं नेतो."

म्हणाली, "कुटंच न्हाई बाबा. लई फिरले."

वाद घालायला नाही लिहिलं. आठवलं म्हणून.


ज्वारीची_भाकर
१२ सप्टेंबर, सकाळी ९:१२

@बालाघाटचा, 🙏

ताई, तुमचं काय ठरलं? विचारलंत का?


मांजराकाठची
१२ सप्टेंबर, सकाळी ११:४०

धीर होईना. महालक्ष्म्या, गणपती सगळं होऊ द्या, मग विचारते. तोवर नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. गोव्याचा भाग वाचून म्हणाला, "तू तेव्हाच का नाही बोललीस?" मी म्हणलं, "चहा करत होते."


मांजराकाठची
३० सप्टेंबर, रात्री ११:१५

मंडळी, उशीर झाला. सांगते सविस्तर.

मास्तर सरांचं ऐकलं. आधी दादांना विचारलं. सकाळी ते ओट्यावर पेपर वाचत बसतात, तिथं चहा घेऊन गेले. म्हणलं, "दादा, केरळला यायचं का? विमानानं." त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. पेपरामागूनच विचारलं, "खिडकीची सीट मिळती का?" मी म्हणलं, "मिळते, थोडे जास्त पैसे देऊन." मग पेपर खाली आला. "पुढच्या दारानं चढायचं असतं का मागच्या? उतारू किती बसतात? आणि मधी उतरायचं असंल तर?" शेवटचा प्रश्न मला कळला. म्हणलं, "आत संडास असतो दादा. आणि कोचीला गाडी आपली आहे. तासाला थांबायचं मी ड्रायव्हरला आधीच सांगणार, तुम्ही बोलायची गरज नाही." ते काही म्हणाले नाहीत. दुपारी माझ्या हातात नोटांची घडी दिली. पाच हजार. एसटीवाल्यांची पेन्शन ती केवढी, मी घेईना, तर म्हणाले, "फुकट कुणाला बसू दिलं न्हाई आजवर. मी बी बसणार न्हाई."

आता आत्याबाई. संध्याकाळी मेथी निवडत होत्या, मीही बसले निवडायला. दादांचं काय ठरलं ते मुद्दाम सांगितलं नाही. म्हणलं, "आत्याबाई, खरं सांगा. यायचंय का केरळला? नाही म्हणलात तरी चालतंय."

बराच वेळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला न्हाई यायचं."

मी म्हणलं, "गुडघ्यामुळं का? खुर्ची मिळते, खालची खोली घेऊ."

"गुडघ्याचं न्हाई गं. मला घरी ऱ्हायचंय." मग जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवा चौदा माणसं होती या घरात. मग दिरांची लग्नं, मग आपली लेकरं, मग तुझी. पन्नास वर्षं झाली, या घरात मी एक दिस एकटी ऱ्हायले न्हाई. तुम्ही सगळे गेल्यावर घर कसं दिसतंय ते बघायचंय मला."

मी मेथीकडं बघत बसले.

गोव्याचं पण तेव्हाच निघालं. त्यांना तेव्हाही यायचं नव्हतं. "तुझा नवरा म्हणला, आई तू न्हाईस तर कुणीच न्हाई जायचं. मग लेकरांचं तोंड बघून आले." म्हणजे त्या माझ्या लेकरांसाठी आल्या होत्या आणि मी त्यांच्यासाठी खोलीत बसले होते.

अंबाजोगाईची धाकटी मावशी सहा दिवस येऊन राहणार आहे. दोघींचा बेत ठरलाय. सकाळी उठायची घाई नाही, वाटलं तर भाकरी टाकायच्या, नाहीतर चुरमुऱ्यांची सुशीला करून खायची आणि दिवसभर टीव्ही. नणंद गावातच आहे, संध्याकाळी चक्कर मारून शुगर बघून जाईल. इन्सुलिन आत्याबाई स्वतःच घेतात, गोव्याला मी उगाच घड्याळ घेऊन मागं लागले होते. नळाचं विचारलं तर म्हणाल्या, "तू यायच्या आधी काय नळ आपोआप भरत व्हता?" अट एकच घातली. दिवसातून एकदाच फोन करायचा, आणि जेवलात का असं विचारायचं नाही.

नवरा दोन दिवस जरा घुश्शात होता. आईला आपल्याबरोबर यायचं नाही हे त्याला पटेना. पटलंय असं नाही, पण तिकिटं काढलीत. पाच. दादांना खिडकी. मुन्नारला दोन रात्री, खोली तळमजल्यावर, बाथरूमचा फोटो मागवून घेतला. लिफ्टचा प्रश्नच नाही. सकाळच्या दादांच्या गोळ्या नवरा देणार, धाकट्यानं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

तसं दादांनी परवा आत्याबाईंना विचारलंच, "मग माझ्या गोळ्यांचं कसं? कुठली कवा घ्यायची?"

आत्याबाई म्हणाल्या, "डबीवर वार लिवलेत. जल्मभर तिकिटं वाचली ना, ह्ये बी वाचा."


गोदाकाठ
३० सप्टेंबर, रात्री ११:४१

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. बोटीत चढताना फळीचं तेवढं ध्यानात ठेवा.


परभणीचा_मास्तर
१ ऑक्टोबर, सकाळी ६:०२

मुन्नारला त्या दिवसांत गारवा असतो. स्वेटर न्या.

दुपारी ऊन पडलं की दादांच्या हातात देऊ नका.